परदेशवारीला कोणता कॅमेरा न्यावा? सुपरझूम घेऊ का?

भिंगरी:
नमस्कार मंडळी. जूनमध्ये इटली आणि स्वित्झर्लंडला जातोय, मी, नवरा, सात वर्षांची लेक आणि सासू-सासरे. तिकिटं झाली, व्हिसा आला, आता गाडी कॅमेऱ्यावर अडलीये. आत्तापर्यंत सगळं फोनवरच काढलंय पण एवढ्या लांब जातोय तर एक बरा कॅमेरा हवा असं वाटतंय. त्यातलं मला फार कळत नाही, ॲपर्चरचा आकडा लहान असला की उजेड जास्त येतो एवढंच माहितीये. दीर म्हणतो घ्यायचाच तर फुल फ्रेम घे नाहीतर घेऊच नको. नवऱ्याच्या डोक्यात निकॉनचा पी१००० हा सुपरझूम बसलाय, त्यातून चंद्रावरचे खड्डे दिसतात म्हणे. आणि मला आपलं पर्समध्ये मावेल असं काहीतरी हवंय, कारण शेवटी गळ्यात माझ्याच येणार ते. परत आल्यावर एक फोटोबुक करायचंय आणि एखादा फोटो मोठा करून भिंतीवर लावायचाय. सांगा, कुणाचं ऐकू?

रिकामटेकडा:
फोन न्या. विषय संपला. हल्लीचे फोन इतके भारी आहेत की कॅमेरा म्हणजे अजून एक चार्जर, अजून एक बॅग आणि हॉटेल सोडताना "कॅमेरा घेतला का" ही अजून एक बोंब.

मीच_ती:
रिकामटेकडा +१. पण धाग्यावर लक्ष ठेवून आहे, मलाही हाच प्रश्न पडलाय.

ढगातला:
तुमचे दीर बरोबर सांगतायत. सेन्सर मोठा तर फोटो चांगला, याला पर्याय नाही. फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर (कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग). पी१००० सारख्या सुपरझूममध्ये १/२.३ इंची सेन्सर असतो, साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर. म्हणजे क्षेत्रफळात तीसेक पटीचा फरक. आता तुम्हीच ठरवा.

पायाला_चाकं:
पी१००० ची थोडी बाजू घेतो, कारण त्याला हसणारे बरेच असतात. २४ ते ३००० एमएम (आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ) ही रेंज बाकी कॅमेऱ्यांत सहसा मिळत नाही आणि पक्षी, चंद्र, विमानं बघणाऱ्यांना तो खरंच आनंद देतो. पण तो १४०० ग्रॅमच्या आसपास आहे आणि पूर्ण झूमला ॲपर्चर एफ ८ होतं, म्हणजे उजेड कमी असला की फार उपयोग नाही. शिवाय स्वित्झर्लंडमध्ये एवढ्या झूमचं करणार काय? गोर्नरग्राटवरून मॅटरहॉर्न काढायचा तर १०० एमएमच्या आसपास फ्रेम छान भरते. ३००० ला शिखरावरचा एखादा दगड येईल, तोही मधल्या हवेमुळे थरथरणारा. डोंगर लांब असतात पण मोठेही असतात हो.

भिंगरी:
हे नवऱ्याला वाचून दाखवलं. "दगड का होईना, येईल तर खरा" असं उत्तर मिळालं आहे.

जुनं_भिंग:
भिंगरीताई, अजून एकही मॉडेल बघू नका. आधी घरबसल्या एक काम करा. मागच्या दोन-तीन सहलींचे फोनमधले फोटो उघडा आणि फसलेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये टाका. चांगले नकोत, फसलेलेच. हललेले, काळे पडलेले, झूम करून रांगोळी झालेले, सगळे. मग एकेक उघडून त्याची माहिती बघा, फोनमध्ये फोटोवर बोट वर सरकवलं किंवा तीन टिंबांवर दाबलं की दिसते, त्यात शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं होतं) असतो, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) असतो, कुठली लेन्स वापरली तेही असतं. तुमचा फोन नेमका कुठे कमी पडतो ते यातून कळेल, आणि कॅमेरा फक्त तेवढ्यासाठीच घ्यायचाय. बाकीचं फोन करतोच आहे. लोक नेमकं उलट करतात, आधी कॅमेरा घेतात आणि मग त्याच्यासाठी विषय शोधत हिंडतात.

ढगातला:
भिंग साहेब, फसलेल्या फोटोंवरून कॅमेरा ठरवायचा म्हणजे जे फोटो फोनवर काढायचा विचारही मनात आला नाही ते राहिलेच की. रात्रीचं आकाश, मागचं सगळं धूसर केलेलं पोर्ट्रेट वगैरे.

जुनं_भिंग:
मुद्दा मान्य. पण ज्याला आकाश काढायचंय तो धाग्यात "पर्समध्ये मावेल" असं लिहीत नाही :)

भिंगरी:
केलं बाई ते काम. दोन संध्याकाळी गेल्या त्यात, पण मजा आली, नवराही शेजारी येऊन बसला. निकाल असा. झूम करून बिघडलेले फोटो आहेत पण फार नाहीत, आणि खरं सांगायचं तर ते पुन्हा कधी उघडलेच नव्हते, कुठल्यातरी लांबच्या मनोऱ्याचे वगैरे. फसलेल्यांत सगळ्यात जास्त लेकीचे आहेत! मत्स्यालयात, म्युझियममध्ये, रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर, सगळीकडे ती हललेली. माहितीत बघितलं तर शटर १/१५, १/२० सेकंद असलं काहीतरी दिसतंय. आणि दुसरी गोष्ट जी मला अजिबात अपेक्षित नव्हती, मी स्वतः जवळजवळ कुठल्याच फोटोत नाहीये. आहे तिथे सेल्फीत, अर्धं कपाळ कापलेली.

मीच_ती:
हे शेवटचं वाक्य वाचून आमचेही अल्बम तपासले. सेम.

जुनं_भिंग:
आता प्रश्न सोपा झाला. मनोरा, शिखर, चंद्र सगळं यादीतून बाद. तुम्हाला हवंय ते म्हणजे घरातल्या उजेडात हलणारं मूल धरून ठेवणारा कॅमेरा, आणि तो सासऱ्यांच्या हातात दिला तरी त्यांना चालवता आला पाहिजे म्हणजे तुम्हीही फ्रेममध्ये याल.

इथे एक घोळ बहुतेकांचा होतो तो सांगतो. दुकानात "स्टॅबिलायझेशन आहे ना, मग फोटो हलणार नाही" असं ऐकायला मिळतं. स्टॅबिलायझेशन तुमचा हात स्थिर करतं, मुलीला नाही. चर्चच्या आतलं छत अर्ध्या सेकंदाच्या शटरवरही हातात धरून मस्त येईल, पण समोर पळणारं पोर हललेलंच येणार, त्याला शटर १/२५० च्या आसपास लागतं. आणि तेवढ्या वेगात उजेड आत यायचा तर ॲपर्चर मोठं पाहिजे नाहीतर सेन्सर मोठा पाहिजे, शक्यतो दोन्ही. फोनचा नाइट मोडही इथे हरतो, तो बरेच फोटो एकावर एक रचतो, तेवढ्यात पोरगी दुसऱ्या खोलीत.

रिकामटेकडा:
एवढ्यापुरतं मान्य. पण दिवसा उजेडी फोनच जिंकतो. पाठीमागे ऊन आणि पुढे सावलीत माणूस अशा फोटोत फोन जे करतो ते कॅमेऱ्यातून थेट येत नाही, घरी येऊन कॉम्प्युटरवर बसावं लागतं. आणि परत आल्यावर कोण बसतं? रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातल्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइल्स) भरलेल्या हार्ड डिस्का कपाटात पडून असतात लोकांच्या.

पायाला_चाकं:
हे मात्र अगदी खरंय.

ढगातला:
मग माझ्याच मुद्द्यावर आलात की, मोठा सेन्सर पाहिजे. आणि फुल फ्रेम म्हणजे वजनच असं काही नाही. सोनीचा ए७ मार्क ४ आणि २४-७० एफ २.८ ची जीएम मार्क २ लेन्स घेतली तर साडेतेराशे ग्रॅम होतात, मान्य. पण ए७सी मार्क २ ची बॉडी ५१४ ग्रॅम आणि ४० एमएम एफ २.५ ची छोटी लेन्स १७३ ग्रॅम, सातशेच्या आत सगळं.

जुनं_भिंग:
सुंदर जोडी आहे, नाव ठेवायला जागा नाही. पण एकच फोकल लेंथ, म्हणजे झूम नाही, आणि बजेट ताईंनी सांगितलेलं नाही पण दिराचं आहे असं समजून चालू नये.

मधला रस्ता बघू. एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) मिररलेस, म्हणजे कॅनन आर५०, सोनी ए६४००, निकॉनचा झेड५० वगैरे. हे चांगले आहेत पण बॉक्समधल्या किट लेन्सपासून सावध. थोडं गणित करतो, कंटाळा आला तर पुढची पोस्ट वाचा. वेगवेगळ्या सेन्सरची तुलना करायची तर ॲपर्चरलाही क्रॉप फॅक्टरने (फुल फ्रेमपेक्षा सेन्सर किती पट लहान तो आकडा) गुणायचं. आर५० सोबतची १८-४५ लेन्स एफ ४.५ पासून सुरू होते, कॅननचा क्रॉप १.६, म्हणजे फुल फ्रेमच्या हिशोबात एफ ७.२. आता एक इंची सेन्सरचा खिशातला कॅमेरा घ्या, सोनी आरएक्स१०० मार्क ५ए किंवा कॅनन जी७एक्स मार्क ३, यांची लेन्स एफ १.८ पासून सुरू होते, क्रॉप २.७, म्हणजे साधारण एफ ४.९. अंधारात तीनशे ग्रॅमचा खिशातला कॅमेरा मोठ्या सेन्सरच्या पुढे गेला, तेही सव्वापटीने नाही, दुपटीहून जास्त उजेडाने. लेन्स बदलता येणारा कॅमेरा घेऊन जे जन्मभर किट लेन्स बदलत नाहीत त्यांनी तो का घेतला हे मला कळत नाही.

अर्थात त्याच ए६४०० ला सिग्माची १८-५० एफ २.८ लावली की पारडं फिरतं. बॉडी ४०३, लेन्स २९०, सातशे ग्रॅमच्या जवळ, आणि एफ ४.२ चा हिशोब सगळ्या झूमभर टिकतो. छोटे कॅमेरे झूम केल्यावर एफ २.८ ला घसरतात, म्हणजे ७.६.

मीच_ती:
गणिताची पोस्ट दोनदा वाचली आणि दुसऱ्यांदा समजली. वाखुसा (वाचनखूण साठवली).

भिंगरी:
मला पण दुसऱ्यांदा :) मग आरएक्स१०० च का? यूट्यूबवर सगळे मार्क ७ चं कौतुक करतायत, तो नवीनही आहे.

पायाला_चाकं:
मार्क ७ ची लेन्स २४ ते २०० एमएम आहे पण त्यासाठी ॲपर्चर दिलंय, एफ २.८ ने सुरू आणि ४.५ ला संपते. मार्क ५ए ची २४-७०, एफ १.८ ते २.८. ज्याला उन्हात डोंगर-रस्ते-माणसं सगळं हवंय त्याला ७, घरातल्या उजेडाला ५ए. मोठा आकडा म्हणजे सुधारलेलं मॉडेल असं या मालिकेत नाहीये, मधे लेन्सच बदलली आहे. जी७एक्स मार्क ३ तुम्हाला १०० एमएमपर्यंत नेतो आणि सासऱ्यांना टचस्क्रीन सोपा पडेल, पण त्याला व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नाही. युंगफ्राउयोखवर, ३४५४ मीटरवर, बर्फावरच्या उन्हात स्क्रीनवर स्वतःचा चेहरा सोडून काही दिसत नाही तेव्हा व्ह्यूफाइंडर आठवतो. आरएक्समध्ये तो वर उघडतो, छोटासा आहे पण आहे.

आणि हो, बर्फात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) +१ च्या आसपास ठेवा. कॅमेऱ्याला पांढरं बघितलं की उजेड फार झाला असं वाटतं आणि तो बर्फ राखाडी करून टाकतो.

उंटावरचा_शहाणा:
उशिरा आलो. रिको जीआर ३ कुणीच कसं सुचवलं नाही? एपीएस-सी सेन्सर, २८ एमएमच्या नजरेची एफ २.८ लेन्स, २५७ ग्रॅम, शर्टाच्या खिशात. रस्त्यावरच्या फोटोग्राफीला याच्यासारखा दुसरा नाही.

जुनं_भिंग:
माझाही लाडका आहे. पण झूम नाही, व्ह्यूफाइंडर नाही, फ्लॅश नाही, धूळ-पाण्यापासून संरक्षण नाही आणि बॅटरी कंपनीच्या आकड्यानुसारच २०० फोटो. सासऱ्यांच्या हातात दिला तर ते झूमचं बटण शोधत बसतील. फुजीचा एक्स१००व्हीआय पण असाच, एफ २ लेन्स, ४० मेगापिक्सेल, देखणा, पण ५२१ ग्रॅम आणि एकच नजर. ज्याला फोटो काढायला जायचंय त्याचे कॅमेरे आहेत हे, ज्याला फिरताना फोटो काढायचेत त्याचे नाहीत.

उंटावरचा_शहाणा:
हे जरा जास्तच होतंय. मी कुटुंबासोबत जीआरच नेतो आणि झूमवाचून कुणाचं काही अडलेलं नाही. दोन पावलं पुढे जायचं.

जुनं_भिंग:
जा की. मागे जाता आलं पाहिजे फक्त. व्हेनिसच्या गल्लीत मागे भिंत असते नाहीतर पाणी.

रिकामटेकडा:
हाहाहा.

मीच_ती:
मी तांत्रिक बोलत नाही पण सामानाचं सांगते. जास्तीच्या बॅटऱ्या आणि पॉवरबँक चेक-इन बॅगेत टाकायच्या नाहीत, हँडबॅगेतच, आणि बॅटरीची टोकं उघडी राहणार नाहीत अशा पिशवीत किंवा डबीत. १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० ला एअरलाइनला विचारावं लागतं. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या यात अगदी किरकोळ आहेत, पॉवरबँक मात्र बघा. एमएएच ला व्होल्टने गुणून हजाराने भागायचं, २०००० चा पॉवरबँक ३.७ व्होल्टने ७४ वॉट-अवर होतो.

दुसरं, स्वित्झर्लंडचे तीन पिनवाले सॉकेट वेगळे, इटलीचे वेगळे, पण बारीक दोन पिनांचा चपटा युरोपीय प्लग दोन्हीकडे बसतो. जाड गोल प्लग मात्र स्विस सॉकेटमध्ये जात नाही. कॅमेऱ्याचे चार्जर बहुतेक १०० ते २४० व्होल्टवर चालतात, मागे लिहिलेलं असतं, म्हणजे नुसता ॲडॉप्टर पुरे. काही कॅमेरे साध्या यूएसबी चार्जरवर चार्जच होत नाहीत, पीडी (पॉवर डिलिव्हरी) वाला लागतो, घरीच तपासून घ्या.

ढगातला:
ट्रायपॉड नेऊ नका हेही लिहून ठेवा, बऱ्याच म्युझियममध्ये आत नेऊ देत नाहीत. फ्लोरेन्सच्या उफीत्सीमध्ये फोटो काढता येतात पण फ्लॅश, ट्रायपॉड, सेल्फी स्टिक नाही. सिस्टाइन चॅपेलमध्ये फोटोच नाही. रोमच्या पँथिऑनमध्ये मात्र कॅमेरा खिशात ठेवा आणि फोनची अल्ट्रावाइड लेन्स काढा, घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आहे, २४ एमएममध्ये जमिनीवर आडवं झालात तरी तो पूर्ण बसत नाही. फोन आणि कॅमेरा एकमेकांची जागा भरून काढतात ते असं. हे मी फुल फ्रेमवाला म्हणतोय, नोंद घ्यावी.

पायाला_चाकं:
आणि ट्रेनमधून काढणार असाल तर बर्निना एक्स्प्रेसच्या मोठ्या पॅनोरमिक खिडक्या उघडत नाहीत, काचेवर स्वतःचंच प्रतिबिंब येतं. लेन्स काचेला जवळजवळ टेकवा, गडद रंगाचा शर्ट घाला. त्याच रुळांवरच्या साध्या गाड्यांमध्ये काही डब्यांच्या खिडक्या उघडतात, ब्रुसिओचा गोल वळसा घेणारा पूल तिथून जास्त चांगला येतो.

रीळवाला:
अवांतर, मी फिल्म कॅमेरा नेणार आहे, विमानतळावर एक्स-रेने काय होतं?

जुनं_भिंग:
डिजिटलला काही होत नाही. फिल्म चेक-इनमध्ये अजिबात नको. हँडबॅगेसाठी आता बऱ्याच विमानतळांवर सीटी स्कॅनर आलेत, त्यात कमी आयएसओची फिल्मही धुरकट होऊ शकते, त्यामुळे पारदर्शक पिशवीत वेगळी ठेवून हाताने तपासायची विनंती करा. ऐकतीलच असं नाही.

भिंगरी:
अपडेट देते. दुकानात जाऊन तिन्ही हातात घेतले. सासूबाईंना सोबत नेलं होतं मुद्दाम, त्यांच्या हातात प्रत्येक कॅमेरा दिला आणि म्हटलं माझा फोटो काढा. ए६४०० ला त्यांनी डोळा लावायच्या ऐवजी लांब धरून इकडून तिकडून बघितलं आणि परत दिला. जी७एक्स जमला. आरएक्स जमला पण "साबणासारखा निसटतो गं" म्हणाल्या, ते खरंय, पुढे धरायला काहीच नाही, चिकटवायची ग्रिप मिळते म्हणे. जी७एक्स शोरूममधला डिस्प्लेचाच होता, विकायला स्टॉक नाही. नवीन ५ए पण नाही, वापरलेला एक मिळतोय. घेऊ का? १८ बाय १२ इंचाचा फोटो निघेल ना त्यातून?

जुनं_भिंग:
२० मेगापिक्सेल म्हणजे ५४७२ बाय ३६४८, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १८ बाय १२ पेक्षा किंचित मोठाच. निघेल.

वापरलेला घेताना लेन्स चार-पाचदा उघड-बंद करा, अडखळते का, आवाज येतो का बघा. मग ॲपर्चर एफ ११ ला नेऊन पांढऱ्या भिंतीचा जरा आउट ऑफ फोकस फोटो काढा आणि मोठा करून बघा. काळसर ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, या कॅमेऱ्यांची लेन्स निघत नाही त्यामुळे घरी साफ करता येत नाही, सोडून द्या. व्ह्यूफाइंडर वर उघडून बघा, फ्लॅश उडवून बघा, चार्जिंगचं भोक सैल नाही ना तेही.

भिंगरी:
ठिपके नाहीत. लेन्स गुळगुळीत चालते. घेतला! नवऱ्याने चंद्राचा फोटो काढून बघितला, पांढरा ठिपका आला, त्यावर "बघ, मी म्हटलं होतं" झालं. दिराने अजून काही कळवलेलं नाही. आता सेटिंग काय ठेवू? ऑटो?

पायाला_चाकं:
बाहेर ऑटो किंवा पी (जवळजवळ ऑटोच). आत गेल्यावर आणि लेक समोर असली की एस मोड (शटर आपण ठरवायचं, बाकी कॅमेरा बघतो), शटर १/२५०, आयएसओ ऑटो, वरची मर्यादा ३२०० किंवा ६४००. दाणे दिसतील थोडे, दिसू देत. झूम करू नका, २४ लाच ठेवून जवळ जा, एफ १.८ तिथेच आहे. सासऱ्यांना देताना परत ऑटोवर फिरवून द्या. आणि उतरल्या उतरल्या कॅमेऱ्याचं घड्याळ तिथल्या वेळेवर करा, नाहीतर फोन आणि कॅमेऱ्याचे फोटो एकत्र केले की दुपारचं जेवण सकाळच्या ट्रेनच्या आधी येतं आणि फोटोबुक करताना डोकं फिरतं.

ढगातला:
दोन कार्डं न्या, एकच मोठं नको. रोज रात्री निवडक फोटो वायफायने फोनवर ओढून घ्या, म्हणजे कॅमेरा हरवला तरी फोटो राहतील.

उंटावरचा_शहाणा:
जीआर घ्यायला हवा होता.

नवखा_प्रवासी:
छान धागा. मी ऑगस्टमध्ये केनियाला जातोय, सफारीला. हाच आरएक्स१०० मार्क ५ए घेतला तर चालेल ना? वरचं सगळं वाचलं, झूमची गरज नसते असं दिसतंय.

जुनं_भिंग:
अहो नाही! सफारीला ४०० एमएम तरी पाहिजे, गाडीतून उतरून दोन पावलं पुढे जाता येत नाही तिथे.

उंटावरचा_शहाणा:
:)

पायाला_चाकं:
नवीन धागा काढा. आणि आधी तुमचे फसलेले फोटो कुठले ते सांगा.